डाव्या डोळ्यातलं आभाळ

अब्बा,

तुम्ही सांगितलेलं ते हलणारं आभाळ मी बघून आले. नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, जिथे डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतात. तुम्ही ते ज्या बंदरातून पाहिलं त्याचं नाव तुम्हालाच शेवटी शेवटी आठवत नव्हतं, त्यामुळे ते हेच की दुसरं कुठलं, हे कळायला मार्ग नाही. बघून आले, आणि तिथेच मला कळलं की तुमचा आजार माझ्याकडे आला आहे. डाव्या डोळ्याची वरची बाजू जवळजवळ गेली आहे. उजव्याची कड झिजायला लागली आहे. काचबिंदू. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही हे मला ठाऊक आहे. भाबडेपणा मला जमत नाही आणि तुम्हालाही तो आवडत नसे. तरी लिहायला बसले, कारण एक गोष्ट विचारायची आहे आणि ती विचारण्यासारखं दुसरं माणूस उरलेलं नाही. डॉक्टरांनी तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं का, की हे पोरांनाही होऊ शकतं?

तुम्ही सुट्टीवर आलात की मगरीबच्या नमाजानंतर आपण दोघं खाडीच्या तोंडाशी त्या काळ्या दगडांवर जाऊन बसायचो. तुम्ही जहाजावर सारंग, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचे मुकादम. दहा महिने समुद्रावर आणि दोन महिने रत्नागिरीला राजिवड्यात, आणि त्या दोन महिन्यांतही तुमची मान वरच. बाकीच्या पोरींना गल्फच्या बाहुल्या मिळाल्या, मला नक्षत्रं मिळाली. मला तेव्हा बाहुलीच हवी होती, हे आता सांगायला हरकत नाही. बारीक तारा कसा बघायचा ते तुम्ही तिथे शिकवलंत. "त्याच्याकडं बघू नको गो बाय. बाजूला बघ. टक लावलीस की तो लपतो, बाजूला बघितलंस की आपसुक येतो." मी कृत्तिकांच्या बाजूला बघायची आणि तो धुरकट पुंजका फुटून एकेक तारा सुटा व्हायचा. पाच, सहा, सात. एकदा नऊ मोजले तर तुम्ही म्हणालात, "नऊ बघणारा मानूस जहाजावर पायजे, चुलीशी काय करायचाय!" आणि घरी येऊन अम्मीची बोलणी खाल्लीत.

त्याच दगडांवर तुम्ही उत्तरेच्या प्रकाशाचं सांगितलंत. इतर गोष्टी तुम्ही हात हलवून, नकला करून सांगायचा. बंदरावरचे गोरे, चिडका कप्तान, पाण्यात पडलेला भंडारी, म्हणजे जहाजावरचा आचारी. ही गोष्ट मात्र हात मांडीवर ठेवून सांगितलीत. बर्फ पडून थांबलं होतं, तुम्ही दोर गुंडाळत होता, आणि वर हिरवं काहीतरी पडद्यासारखं हललं. आवाज नाही, वारा नाही. तुम्ही दोर तसाच टाकून आत पळालात. मी विचारलं, "घाबरलात?" तुम्ही म्हणालात, "जहाज हलतं, पानी हलतं, माझे पाय हलतात. आभाळ कधी हलत नाय. म्हणून तर मानूस घरी येतो. ते हललं गो." मी दहा वर्षांची असेन. तुम्ही घाबरू शकता हे मला त्या दिवशी कळलं आणि ते आभाळ एकदा बघायचंच, हेही त्याच दिवशी ठरलं.

मग तुमच्या बोटी संपल्या. पन्नाशीतच घरी बसलात. "आता बस झालं पानी," म्हणालात, आणि आम्ही ते खरं मानलं. मी तेव्हा बीएस्सीनंतर काही वर्षांनी लोट्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले होते. खेडला खोली, कंपनीची बस, शनिवारी संध्याकाळी एसटीने रत्नागिरी. पहिल्या वर्षाच्या पगारातून मी तुमच्यासाठी दुर्बीण घेतली. चांगली, जड, कातडी पेटीतली. त्या शनिवारी जेवणाआधी आपण गच्चीवर गेलो. तुम्ही ती डोळ्यांना लावलीत आणि मधलं चाक फिरवत राहिलात. मी म्हटलं, "गुरू दिसला का?" "दिसला तर. चार चंद्र हायत बाजूला." तुमचं तोंड खाडीकडे होतं, पश्चिमेला. गुरू होता तुमच्या पाठीमागे, नारळांच्या वर, एवढा ढळढळीत की गल्लीतल्या पोरांनाही दिसावा. मी म्हटलं, "अब्बा, थट्टा पुरे. मागे आहे तो." तुम्ही हसलात. उतरताना दुर्बीण खुंटीला अडकवायला गेलात आणि खुंटी चुकली. पेटी उघडीच होती. एक भिंग फुटलं. मी काय बोलले ते मला शब्दाशब्दानिशी आठवतं. "डोळे कुठे असतात तुमचे?" तुम्ही खाली बसून फरशीवर हात फिरवून काचा गोळा करत होता. बघून नव्हे, हात फिरवून. तीही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली आणि मला दिसली नाही. मला वाटलं, खजील झालेत म्हणून मान वर करत नाहीत.

पुढे पाचसहा महिन्यांनी मीच तुम्हाला डॉक्टरांकडे नेलं, तेही तुम्ही उंबऱ्याला अडखळून कपाळ फोडून घेतलंत म्हणून. डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. तुम्ही बाहेर आलात. "काय म्हणाले?" "म्हनाले, उशीर झाला. चल, भूक लागलीय." वाटेत तुम्ही मला खानावळीत नेलंत, सुरमई मागवलीत आणि पूर्ण जेवलात. माझं ताट तसंच होतं आणि तुम्ही म्हणत होता, "काटा काढून दे." त्या दिवसापासून तुम्ही गेलात तोवर मासळीचे काटे मीच काढून दिले. त्या सुमाराला खेडच्या एका घरी माझ्या लग्नाचं बोलणं चालू होतं. याचा त्याच्याशी संबंध असेल असं तेव्हा मनातही आलं नाही.

आता माझी चूक सांगते. निवृत्त झाल्यावर मी पुन्हा आभाळाकडे वळले. पुण्याच्या हौशी निरीक्षकांच्या एका मंडळाची सभासद झाले, वही सुरू केली. दर हिवाळ्यात, चंद्र नसलेल्या संध्याकाळी, भाट्याच्या पुळणीवर त्याच जागी उभं राहून कृत्तिका मोजायच्या आणि लिहायच्या. आभाळ किती काळं उरलंय ते मोजायची ही आमची साधी रीत आहे. पहिल्या वर्षी सात. मग सहा. मग पाच आणि एक संशयित. मी प्रत्येक नोंदीपुढे शेरा लिहिला: बंदराच्या दिव्यांमुळे आभाळ उजळ. तीन अर्ज केले, बंदरावरच्या दिव्यांना वरून झाकण घाला म्हणून. त्या कार्यालयातला कारकून मला बघितलं की म्हणायचा, "आल्या तारेवाल्या बाई!" मी त्याला वही उघडून दाखवली. "हे बघा, सातावरून पाच. पुरावा आहे माझ्याकडे." तीस वर्षं प्रयोगशाळेत नव्या पोरींना मी एकच गोष्ट दटावून सांगितली, की आकडा चुकीचा आला तर नमुन्याला दोष देऊ नका, आधी आपलं उपकरण तपासा. ब्युरेट धुतली का? तराजू शून्यावर आहे का? मग बोला. आणि माझ्या वहीतल्या एकाही पानावर मी उपकरण तपासलेलं नाही. माणूस आभाळाचं दिसणं कमी झालं म्हणून अर्ज करतो, अब्बा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जात नाही. दिवेही वाढलेत, नाही असं नाही. पण सगळा दोष त्यांचा नव्हता.

मंडळाची सहल निघाली तेव्हा मी भाचीला बरोबर घेतलं. तुमच्या मुलाची मुलगी. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, आणि तोही ती लहान असतानाच गेला. मस्कतला शाळेत शिकवते, सत्ताविसाची आहे, मला फुफू म्हणते आणि मला न घाबरणारं आपल्या घरातलं ते एकमेव माणूस आहे. मी स्वेटरवर स्वेटर चढवून खाली उतरले तर म्हणाली, "फुफू, कोबी झालीयस. वरची दोन पानं काढ, दारातून जाणार नाहीस." संध्याकाळचे सहा वाजले होते. आम्ही गोठलेल्या तळ्याच्या काठाला उभे राहिलो. आधी उत्तरेला राखेसारखा एक पट्टा, मला वाटलं ढग असेल. मग त्या ढगाला हिरवा रंग चढला आणि तो उठून चालायला लागला. मंडळी ओरडत होती, एक काका तर रडायलाच लागले. मी तोंड उघडं टाकून बघत होते आणि मला तुमचं वाक्य कळत होतं. खरंच आवाज नसतो. एवढं मोठं काही हलतं आणि आवाज नसतो, त्यानेच माणूस दोर टाकून पळतो.

थंडीने उजव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. मी हातमोजा डोळ्यावर दाबून धरला. आणि सगळं थांबलं. समोर बर्फ होतं, तळ्यापलीकडची घरं होती, आणि त्यांच्या वर काही नव्हतं. मी म्हटलं, "संपलं एवढ्यात?"

"काय संपलं?"

"अगं प्रकाश. विझला ना?"

"फुफू, डोक्यावर आहे! चेष्टा करतेस? बघ ना, छपराच्या वर, केवढा!"

मी हातमोजा काढला. होता. केवढा तरी. पुन्हा डोळा झाकला. घरं, छपरं, आणि त्यावर नुसती पाटी पुसल्यासारखी जागा. काळी असती तरी समजलं असतं, ती काळीही नव्हती. तिथे काही आहे किंवा नाही, हे सांगणारं कोणी आतमध्ये नव्हतंच. मी चारपाच वेळा उघडझाप करून पाहिली, सवयीने, वाचन पडताळतात तशी. मग मी तिला कृत्तिका दाखवल्या आणि मोज म्हटलं. तिला काहीच सराव नाही. "सहा... सात. थांब, आठ असतील." जगातल्या इतक्या काळ्या आभाळाखाली मला दोन्ही डोळ्यांनी पाच दिसत होते. बाजूला बघितलं की येतात, असं तुम्ही शिकवलं होतं. मी बाजूला बघितलं आणि होते तेही गेले. बाजूच आता राहिलेली नाही.

त्यानंतरचा तासभर मी त्या प्रकाशाला पाठ करून उभी होते. पैसे भरून, एवढ्या लांब येऊन. भाचीला वाटलं मला थंडी बाधली. ती माझे हात चोळत होती आणि फोनवर काढलेले फोटो दाखवत होती. मला एवढंच दिसत होतं, की तुम्ही फरशीवर हात फिरवताय.

इथे आल्यावर तपासणी केली. एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसवतात, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठे बारीक प्रकाश चमकला की बटण दाबायचं. आयुष्यभर हेच केलं, म्हटलं, यात काय कठीण! डावा डोळा सुरू झाला आणि बराच वेळ काही चमकेनाच. यंत्राचा टिकटिक आवाज येत होता, म्हणजे ते चमकवत होतं. मी आवाजाच्या अंदाजाने दोनतीनदा बटण दाबलं. चाचणी घेणारी मुलगी लगेच म्हणाली, "आजी, नाही दिसलं तर नाही दाबायचं. परीक्षा नाहीये ही." मला आजी म्हटलेलं चालत नाही. त्या दिवशी चाललं, त्यावरून समजा.

डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला होतं का? मी म्हटलं, वडिलांना. "मग तुमची तेव्हा तपासणी नाही झाली? आम्ही आवर्जून सांगतो, रक्ताच्या नात्यातल्यांना आणा म्हणून." मी म्हटलं, ते दिवस वेगळे होते. "आता घरात तरुण कोण आहे? त्यांना पाठवा. आत्ता कळलं तर थेंबांवर नजर टिकते. गेलेलं परत येत नाही, हे तुम्ही बघताच आहात." एवढंच बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

भाचीचा निकाह ठरला आहे. ईदनंतर. मुलगा खेडचा, कुवेतला असतो, शांत आहे, मला पसंत आहे. त्याची आई गेल्या रविवारी आली होती. चांगली बाई आहे, पण पाहुणी म्हणून बसली तरी तिची नजर घरभर फिरून येते. माझी थेंब घालायची वेळ झाली होती आणि मी ती चुकवत नाही. तिने बघितलं.

"डोळ्यांत काय घालता वो?"

"धूळ जाते. रस्ता खणून ठेवलाय ना."

"होय होय, आमच्याकडं पण तेच. मुलीला चष्मा नाय ना? माझ्या जावेची सून आणली तर नंतर कळलं, कांदा हाय की लसूण तेच दिसत नाय तिला! म्हटलं, आधी सांगायचं ना गो, आम्ही काय खाल्लं असतं तुमाला?"

मी हसले. "चष्मा नाही," म्हटलं. ते खरं आहे. चहा ओतताना कप कुठे संपतो आणि बशी कुठे सुरू होते ते मी बोटाने चाचपून घेतलं. तिला दिसलं नसावं.

ती गेल्यावर मी ओट्याला धरून उभी राहिले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या वर्षी माझं वय भाचीच्या आत्ताच्या वयापेक्षा एका वर्षाने जास्त होतं आणि बोलणं खेडलाच चालू होतं. डॉक्टरांच्या दारातून बाहेर येऊन तुम्ही मला सुरमई खायला घातलीत ती कशासाठी. आंधळेपणाचं घर म्हणून बोभाटा झाला असता तर ते लोक आलेच नसते. तुम्ही गप्प बसलात ते मला उजवण्यासाठी. आणि लग्न मोडलं ते कशाने, तर मुलगी फार उलट बोलते म्हणून! ते मोडल्यावर तरी सांगायचं, अब्बा. पण तोवर न सांगण्याची सवय झाली असेल. किंवा दुसरं स्थळ येईल असं वाटत राहिलं असेल. मला राग यायला हवा. डॉक्टरांच्या दवाखान्यातून घरी येईपर्यंत तो होताही, चांगला पेटलेला. रविवारनंतर तो कुठे गेला मला सापडत नाही.

हल्ली मी दिवेलागणीला दिवे न लावता घरात फिरते. ओट्यापासून मागच्या दारापर्यंत अकरा पावलं. खाट, मग चार पावलं, मग कपाट. वाचता येतं, बाजारात जाता येतं, डॉक्टर म्हणतात थेंब नीट घातले तर पुष्कळ वर्षं निभेल. तरी मोजते. भीती वाटते असं मी कोणापाशी म्हणणारी बाई नाही, पण मोजताना ओठ हलतात आणि थांबवले तरी थांबत नाहीत. परवा आठव्या पावलावर स्टूल होतं. ते मीच ठेवलेलं होतं.

काल शुक्रवार. भाचीचा फोन येतो तो दिवस. फोनच्या पडद्यावर ती दिसत होती, मोठे डोळे, काजळ घातलेलं. शरारा कोणत्या रंगाचा घेऊ विचारत होती. मग म्हणाली, "अगं तुझी तपासणी झाली ना? काय म्हणाले डॉक्टर?" मी म्हटलं, "काही नाही, वयाचं आहे. थेंब दिलेत." आणि लगेच कलमांना मोहोर कसा आलाय ते सांगायला लागले. या वर्षी चांगला आहे. दहा मिनिटं मी मोहोरावर बोलले. ती ऐकत होती. तिला आंब्यात काडीचा रस नाही.

वर विचारलं, की डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं का. त्याचं उत्तर मला आता ठाऊक आहे, ते विचारत नाही. मला एवढंच सांगा, की मला सांगितलं नसताना तुम्ही रोज माझ्यासमोर जेवायला कसे बसायचात. मी काटे काढायची आणि तुमच्या ताटात ठेवायची, आणि तुम्ही खायचात.

पुढच्या शुक्रवारी तिला सांगेन, असं लिहून हे संपवायचं होतं. तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा खोडलं आहे.